नानांच्या नडग्यांची खाज: ट्यूबआधी बंबाकडे बघा

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासरे 71 वर्षांचे, मधुमेह आणि बीपी दोन्ही. दिवाळी सरली की त्यांच्या दोन्ही नडग्या पांढऱ्या भुरकट पडतात, खवले सुटतात, रात्री रक्त येईस्तोवर खाजवत बसतात. महाशिवरात्रीनंतर आपोआप थांबतं. अँटिसेप्टिक साबण वापरून झाला, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकून झालं. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस आराम, मग पुन्हा तेच. ताईंच्या स्वतःच्या टाचांना भेगा आहेत, द्राक्षबागेत काम करून हात फुटलेत, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या गालांवर पांढरट डाग आलेत. शेजारीण म्हणते, जंताचं औषध द्या.

ताई, तुम्ही नानांना काय काय लावलं ते सगळं लिहिलंत, पण नाना आंघोळ कशी करतात ते एका ओळीतही नाही. तुम्हालाच बोल लावत नाही. थंडीत माझ्याकडे रोज दोन-चार नाना येतात आणि सगळ्यांच्या घरचे पिशवीतून ट्यूबा काढून टेबलावर मांडतात. मी विचारतो, पाणी कशावर तापवता? मग कळतं, बंब आहे. पहाटे पेटतो, वाफाळतं पाणी, दोन बादल्या, अंग लालबुंद होईपर्यंत. वर वजरीने पाय खसाखसा घासायचे, कारण कोंडा मळासारखा दिसतो. नाशकात कातडीचा डॉक्टर म्हणून सव्वीस वर्षं काढल्यावर सांगतो, अशा नानांची निम्मी खाज न्हाणीघरातच तयार होते. तिथे काही बदललं नाही तर मी लिहून दिलेलं महागाचं क्रीमही पाण्यात जाणार, अगदी शब्दशः.

असं का होतं ते नीट सांगतो, कारण कारण पटलं की नाना ऐकतील. नुसतं ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढ्याने म्हातारी माणसं गरम पाणी सोडत नाहीत.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. जाडी मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी. एवढ्याशा थरावर शरीरातलं पाणी आत ठेवायची जबाबदारी असते. पेशी विटांसारख्या रचलेल्या, आणि मधला चुना म्हणजे तीन प्रकारची चरबी: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. पेशींच्या आतही पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात, त्यात युरिया आणि लॅक्टिक आम्लाचे क्षार आलेच. चुना शाबूत असेल तर थर लवचिक राहतो. चुना धुपला की पाणी उडतं, आणि या थरातलं पाणी साधारण 10 टक्क्यांच्या खाली आलं की तो ताठ होतो, तडकतो, त्याचे पापुद्रे निघतात. नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते ती याचीच. तडकलेल्या जागेतून साबण, घाम, लोकरीचे धागे आत टोचतात आणि खाज सुटते. खाजवलं की उरलासुरला चुनाही जातो.

आता हा चुना चरबीचा आहे. तुपाचं भांडं आपण कशाने धुतो? कढत पाणी आणि साबण. नाना रोज सकाळी आपल्या नडग्यांचं तेच करतात.

नडग्याच का, पाठ का नाही? तेलाच्या ग्रंथी चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर भरपूर असतात आणि नडगीवर अगदी तुरळक. वय वाढलं की होत्या त्याही मंदावतात आणि आतली चरबी नव्याने बनायचा वेगही उतरतो. तुमच्या भागात थंडीत शेकोटी असतेच, आणि शेकोटीपुढे उकिडवं बसलं की सगळी धग नडग्यांवर. नानांच्या नडग्यांवर जाळीदार तपकिरी डाग आहेत का बघा. असतील तर ते शेकण्याचे आहेत. रोज महिनोन्‌महिने धग लागली की असे उमटतात. शेकोटीपासून दोन हात लांब बसवा, किंवा पायांवर घोंगडी नाहीतर चादर टाकून बसवा.

राहिली हवा. 30 अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, 10 अंशांची हवा फक्त 9 ग्रॅमच्या आसपास. निफाडची पहाट 10 च्याही खाली जाते. तीच हवा दुपारी 28 अंशांवर तापते, पण तिच्यातलं पाणी काही वाढत नाही. तहानलेली हवा मिळेल तिथून पाणी ओढते: वाळत घातलेल्या कपड्यांतून, ओठांतून, नानांच्या पायांतून. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात आणि आपल्या नाशिक-नगरकडे थंडीत अंग उलतं, आणि मालवणचा माणूस विचारतो, उलणं म्हणजे काय? टोरंटो-शिकागोला गेलेली आपली मुलं पहिल्याच हिवाळ्यात पाय खाजवत फोन करतात त्याचंही गणित हेच. उणे 10 अंशांच्या हवेत अडीच ग्रॅमही पाणी मावत नाही, आणि तीच हवा हीटरने 22 अंशांवर नेलेली असते.

आता बंबाकडे. नानांची आंघोळ बंद करायला सांगत नाही. आंघोळीशिवाय देवाला फूल न वाहणाऱ्या माणसाला ते सांगून उपयोगही नाही. पाणी कोमट ठेवा. बादलीत कोपर बुडवलं तर गरम वाटता कामा नये, नुसतं सुखद लागलं पाहिजे. नानांना स्वतःला अजमावू देऊ नका. मधुमेहात हातापायांची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यांना कोमट म्हणजे थंडच वाटेल. वेळ पाच ते सात मिनिटं, दिवसातून एकदाच. थंडी वाजते ही तक्रार खरी आहे, तर न्हाणीघराची खिडकी लावा, टॉवेल आधीच शेगडीजवळ ऊबदार करून ठेवा. उष्णता हवेत असू दे, पाण्यात नको.

साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. नडग्यांना आणि हातांना साबण लागतच नाही. नाना काही कोळशाच्या खाणीत कामाला नाहीत. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्ल असतो, पीएच 5 च्या आसपास, आणि तो चुना तयार करणारी रसायनं त्या आम्लातच काम करतात. वडीचा नेहमीचा साबण 9-10 पीएचचा, म्हणजे अल्कली. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीचं प्रमाण, लिहिलेलं बघून लोक साबण निवडतात. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपला 76 टक्के टीएफएम लागतं, तिसऱ्या दर्जाला 60, आणि ज्यावर ‘बेदिंग बार’ छापलेलं असतं त्यात 40 टक्केही चालतं. जास्त टीएफएमचा साबण त्यातल्या त्यात बरा, पण तोही अल्कलीच असतो, हे दुकानदार सांगत नाही. नडग्या इतक्या खराब असतील तर ‘सिंडेट बार’ किंवा साबणविरहित क्लेन्झर मागा. तो फारसा फेसत नाही म्हणून नाना कुरकुर करतील. करू द्या.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतो. बादलीच्या कडेला बसतो तो कातडीवरही बसतो आणि चुरचुरतो. अशा पाण्यात फेस येत नाही म्हणून माणूस साबण अजून चोळतो. साबण कमी केला की हा त्रासही आपोआप घटतो, फिल्टर बसवायची गरज नाही.

जंतुनाशकाचं झाकण बादलीत ओतणं आजपासून बंद. खाज जंतूंची नाहीच, आणि ते द्रव्य तडकलेल्या कातडीला झोंबतं. वजरी तुमच्या टाचांसाठी ठेवा, नानांच्या नडग्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका. कोंडा घासून जात नाही. घासल्याने आणखी कोंडा तयार होतो. अंग पुसायला जुना मऊ पंचा घ्या आणि चोळू नका, टिपा.

टिपून झालं की घड्याळ सुरू. कातडी अजून ओलसर असताना, तीनेक मिनिटांत, वरून लावायचं. हीच वेळ बहुतेकांची चुकते. नाना आंघोळ करतात, देवपूजा करतात, चहा घेतात, पेपर वाचतात आणि मग कोणीतरी आठवण केली की पाय पुढे करतात. तोवर वरचं पाणी उडालेलं असतं आणि जाताना आतलंही थोडं घेऊन गेलेलं असतं. डबी न्हाणीघराच्या दाराशीच, फळीवर ठेवा. मात्र बसून लावायचं आणि ओल्या फरशीवर तेलकट पायाने चालायचं नाही. कातडी मऊ झाली आणि खुबा मोडला, असं नको.

लावायचं काय? माझं पहिलं उत्तर कंटाळवाणं आहे: पांढरी पेट्रोलियम जेली, म्हणजे आपलं व्हॅसलिन. पाणी उडणं थांबवण्यात तिच्याइतकं चोख काही नाही, आणि वास-रंग नसलेली साधी जेली कुणाला सहसा सोसत नाही असं होत नाही. 1872 मध्ये रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने तिचं पेटंट घेतलं, तेलविहिरींच्या पंपांना चिकटणाऱ्या मेणचट गाळातून ती काढली होती. गृहस्थ रोज चमचाभर खायचे म्हणे. तुम्ही खाऊ नका. चिकट वाटत असेल तर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन एकत्र असलेलं क्रीम मेडिकलमध्ये मिळतं, त्यात ग्लिसरीन असेल तर अजून चांगलं. जेली पाण्याला अडवते, ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. दोन्ही कामं वेगळी आहेत. घट्ट ग्लिसरीन मात्र तसंच चोपडू नका. त्यात दुप्पट पाणी किंवा गुलाबपाणी मिसळा, लावा आणि वरून जेलीचा हात फिरवा.

युरियाची क्रीमं उत्तम, पण आत्ता नाही. नवीन असताना एका आजोबांच्या रक्ताळलेल्या नडग्यांवर मी 20 टक्के युरिया लिहून दिला होता. संध्याकाळी ते पुन्हा दारात हजर, पाय धुऊन आणि चेहरा लाल करून. उघड्या चिरांवर युरिया आणि लॅक्टिक आम्ल मिठासारखं झोंबतं. पहिले आठ-दहा दिवस साधी जेली, चिरा मिटल्या की 5 ते 10 टक्के युरियाचं क्रीम, असा क्रम ठेवा.

आणि खोबरेल? चालतं, आणि ही आजीची समजूत म्हणून सांगत नाही. 2004 मध्ये फिलिपाइन्सच्या डॉक्टरांनी कोरड्या कातडीच्या 34 जणांवर दोन आठवडे तुलना करून पाहिली, निम्म्यांना शुद्ध खोबरेल, निम्म्यांना खनिज तेल. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. अडचण एवढीच की आपण तेल आंघोळीआधी लावतो आणि साबणाने काढून टाकतो. दिवाळीच्या अभ्यंगात तेल आधी आणि उटणं नंतर, ते सणाला छान. रोजच्या कोरडेपणावर तेल आंघोळीनंतर, ओल्या अंगावर. थंडीत खोबरेल गोठतं, तर बाटली कोमट पाण्यात उभी करा. करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेलही बरं, त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि कातडी आपला चुना बनवताना ते वापरते. शहरात सध्या बाळांना ऑलिव्ह तेल चोळायची टूम आहे, ती मला पसंत नाही. ऑलिव्ह तेलाने निरोगी माणसांच्याही कातडीचा थर कमकुवत होतो, सूर्यफुलाने तसं होत नाही, हे इंग्लंडमधल्या प्रयोगात 2013 मध्ये दिसलेलं आहे. मोहरीच्या तेलाने कातडी चुरचुरते, तेही ठेवा स्वयंपाकापुरतं. उटणं किंवा डाळीचं पीठ साबणाऐवजी लावणार असाल तर सायीत कालवून, हलक्या हाताने. कोरड्या पिठाने खरडणं म्हणजे वजरीचीच धाकटी बहीण.

आता किती लावायचं. इथे आपला मराठी काटकसरी हात आडवा येतो. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घ्यायचं आणि ते दोन्ही पायांना पुरवायचं! आमच्या शास्त्रात एक साधं माप आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, पेराच्या रेघेपासून टोकापर्यंत ट्यूबमधून निघालेली वळी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पायाला अशा सहा वळ्या, पावलाला दोन. दोन्ही पाय धरून सोळा, म्हणजे 8 ग्रॅम. सकाळी आणि झोपताना लावलं तर दिवसाला 16 ग्रॅम, म्हणून 100 ग्रॅमची डबी सहा दिवसांत संपायला हवी. तुमची डबी दिवाळीपासून चालू असेल तर औषध लागू पडत नाही असं नाही, ते पोचतच नाहीये. यासाठीच मी महागडं क्रीम सांगत नाही. स्वस्त आणि भरपूर हे महाग आणि चिमूटभर याला नेहमी हरवतं.

एक धोक्याचं. जेली किंवा पॅराफिन कापडात मुरलं की ते कापड वातीसारखं पेटतं. ब्रिटनमध्ये अशा क्रीममुळे भिजलेले कपडे-चादरी पेटून माणसं दगावली आहेत, तिथल्या औषध नियामकाने 2018 मध्ये तसा जाहीर इशाराही दिला. तुमच्याकडे तर शेकोटी, बंब, आणि नानांना विडीची सवय असेल तर तीही. जेली लावलेल्या पायांवरचं धोतर-पायजमा रोज बदला. धुतल्याने पॅराफिन पूर्ण जात नाही, म्हणून जाळापासून अंतर ठेवणं हाच खरा उपाय.

त्या ट्यूबबद्दल आता. नाव तुम्ही दिलेलं नाही, पण चार दिवस आराम आणि मग पुन्हा तेच म्हटल्यावर मला संशय आहे. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. ‘क्लोबेटासॉल’, ‘बीटामेथासोन’, ‘मोमेटासोन’ यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, आणि बहुतेकदा त्याच्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध अशी खिचडी असते. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, देतात. स्टेरॉइड वाईट नाही. नानांच्या नडग्यांवर उन्हाळ्यात तळ्याचा तळ तडकतो तशी लालसर नक्षी उमटली असेल, तर तो नुसता कोरडेपणा राहिलेला नाही, इसब झालं आहे. तेव्हा मी स्वतः सौम्य ते मध्यम स्टेरॉइड आठ-दहा दिवस देतो, आणि थांबवतो. हिवाळाभर लावत बसलं की म्हाताऱ्या कातडीचा कागद होतो, नुसत्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. त्यात मधुमेह, जखम झाली तर भरायला वेळ.

कॅलामाइनही बंद करा. घामोळ्यावर ते गुणाचं, पण साधं कॅलामाइन सुकवतं, आणि इथे सुकवायचंच नाही. कापूर घातलेली गार मलमं दहा मिनिटं बरी वाटतात, उघड्या चिरांवर नकोत. खाजेच्या गोळ्यांचंही तेच. कोरडेपणाच्या खाजेवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, झोप तेवढी येते. सत्तरीच्या माणसाला रात्री गुंगीत उठून पडणं किंवा लघवी अडणं परवडत नाही.

आणि पाणी पिणं. ‘रोज चार लिटर प्या, कातडी ओली राहील’ हे मोबाइलवर फिरतं. वरच्या थराला पाणी आतून कमी पडत नसतं, ते बाहेर टिकत नसतं. तहान लागेल तेवढं प्यावं. नानांच्या किडनीची किंवा हृदयाची तक्रार असेल तर चार लिटर उलट घातक.

दरवर्षी दिवाळीत सुरू होऊन शिवरात्रीला थांबणं, दोन्ही नडग्यांवर सारखंच असणं, या गोष्टी कोरडेपणाकडेच बोट दाखवतात. तरी मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, म्हणून काही गोष्टी तुम्ही घरी तपासा. घरात आणखी कुणी रात्री खाजवतंय का, आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ आहे का? मग ती खरूज आहे, आणि सगळ्या घराला एकाच दिवशी औषध लागेल. कडा लाल, पसरत जाणारं गोल चकंदळ असेल तर गजकर्ण. त्यावर वरची खिचडी ट्यूब लावली असेल तर ते दबून पसरलेलं असेल. चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या लवणी काळवंडून जाड झाल्या असतील तर शेताच्या बांधावरच्या गाजरगवताचा विचार करा. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे गवत आता कुठे नाही ते सांगा. खाज सगळ्या अंगाला आहे आणि कातडीवर खाजवल्याच्या ओरखड्यांशिवाय काहीच दिसत नाही, तर रक्ततपासणी हवी: किडनी, यकृत, थायरॉइड, रक्तपेशी. नानांना मधुमेह आहे म्हटल्यावर किडनीची क्रिएटिनिन तपासणी या वर्षी झाली नसेल तर करूनच घ्या. बीपीसाठी लघवीची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर त्यांनीही कधीकधी कातडी कोरडी पडते. हे ऐकून गोळी मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

एक तपासणी मी कुणालाच चुकवू देत नाही. एखादा चट्टा फिकट किंवा लालसर आहे, बाकी अंगाला घाम येतो पण तिथे येत नाही, केस विरळ झालेत आणि मुख्य म्हणजे तिथे खाज नाही, उलट बधिर आहे: कापसाचं टोक फिरवलं तर नानांना डोळे मिटून कळतं का बघा. नाही कळलं तर सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोग महाराष्ट्रातून गेलेला नाही. औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो, व्यंगही येत नाही. ‘कोरडा डाग’ म्हणून वर्षभर व्हॅसलिन लावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आता तुमच्या टाचा. तळपायाला तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात, कातडी जाड असते, आणि अनवाणी किंवा मागून उघड्या चपलेत वजन पडलं की टाच बाजूला पसरते. वाळलेली जाड कड ताणली की फुटणारच. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वजरी हलकेच फिरवा, टिपा, 20 ते 25 टक्के युरियाचं क्रीम लावा आणि सुती मोजे घालून झोपा. कोकणात यासाठी कोकमाच्या बियांचं घट्ट तेल वापरतात, मुठेल म्हणतात त्याला. पातळ करून भेगेत भरलं की तिथेच थिजून बसतं. उत्तम चीज आहे, मिळालं तर जरूर वापरा. खोल भेग रक्ताळली असेल तर आधी जेलीने भरू द्या, युरिया नंतर. ब्लेडने कातडी कापू नका. नानांच्या टाचांना तर ब्लेड, वजरी, गरम पाण्यात पाय सोडून बसणं, काहीच नको; मधुमेह्याच्या पायाला लागलेलं त्याला कळत नाही. त्यांच्या पायांना क्रीम लावताना बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

हातांचं कारण मी ओळखलंच. थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, जीएचं डिपिंग म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात घड बुडवणं, वरून घरी भांड्यांची वडी आणि कपड्यांचा सोडा. डिपिंगला रबरी हातमोजे घालाच, पण आत पातळ सुती मोजा असू दे, नाहीतर घामाने हात आतून उलतात. भांडी झाली की प्रत्येक वेळी जेलीचा हात. एक डबी मोरीजवळ, एक बागेतल्या डब्याच्या पिशवीत. बोटांच्या पेरांवर पाण्याचे बारीक फोड येत असतील किंवा फवारणीनंतरच वाढत असेल, तर ते फवारणीच्या औषधाचं वावडं असू शकतं, दाखवून घ्या.

मुलीला जंताचं औषध या डागांसाठी देऊ नका. पांढरे डाग म्हणजे जंत किंवा कॅल्शियम कमी, ही समजूत मी गेली सव्वीस वर्षं खोडतोय आणि ती मला पुरून उरणार आहे. या वयात गालांवर फिकट, किंचित खरखरीत, अस्पष्ट कडांचे डाग बहुधा सौम्य इसबाचे असतात. उन्हात बाकीचा चेहरा रापतो आणि डाग उठून दिसतात. चेहऱ्याला साबण बंद, दिवसातून दोनदा साधं क्रीम, दुपारच्या उन्हात टोपी. खरखर आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, रंग भरून यायला काही महिने लागतात, तेवढा धीर धरा. डाग एकच असेल, कड स्पष्ट असेल, किंवा अगदी खडूसारखा पांढरा असेल तर एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्या. तिला लहानपणापासून दमा, सतत सर्दी, कोपरा-गुडघ्यांच्या लवणीत खाज असेल तर तेही सांगा.

सगळं एकदम बदलायला गेलात तर नाना रुसतील. या आठवड्यात पाणी, साबण आणि दोन वेळची जेली एवढंच. खाज रात्री जास्त येते, म्हणून झोपतानाची जेली टाळू नका, आणि त्यांची नखं कापा. दहा दिवसांनी त्यांच्या अंथरुणावरची चादर झटकून बघा; कोंडा आणि रक्ताचे ठिपके दोन्ही कमी दिसले पाहिजेत. दिसले तर शिवरात्रीपर्यंत असंच चालू द्या. मग घाम येऊ लागला की जेलीने घामोळं येईल, तेव्हा पातळ लोशनवर या, आणि पुढच्या वर्षी खाज सुटायची वाट न बघता कोजागिरीलाच डबी बाहेर काढा. नाही दिसले तर नानांना घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती ट्यूब पिशवीत घाला, आणि त्या दिवशी सकाळी पायांना काहीही लावू नका, कातडी आहे तशी दिसू दे.